हर्पिस सिम्प्लेक्सची जनुकं कधी आणि का चालू होतात: नवख्यांसाठी पायरीपायरीने

ओठाच्या कडेला पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका उठतो, काही दिवसांत बरा होतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा जवळपास त्याच जागी उठतो. यामागचा विषाणू म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्स प्रकार १, म्हणजेच एचएसव्ही-१. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ५० वर्षांखालच्या सुमारे ३.८ अब्ज लोकांच्या शरीरात तो आहे आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही. (नागीण ज्यामुळे होते तो याच घराण्यातला, पण वेगळा विषाणू. दोघांची गल्लत करू नका.)

डीएनएवरून आरएनए आणि आरएनएवरून प्रथिन हे ज्यांना माहीत आहे, पण विषाणूच्या जनुक-नियंत्रणावरचा पहिला शोधनिबंध उघडताच ज्यांच्या डोळ्यांपुढे आयसीपी-अमुक आणि यूएल-तमुक नाचायला लागतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पाठ्यपुस्तकं हा विषय तासांच्या तक्त्यासारखा मांडतात: इतक्या तासांनी पहिला गट, इतक्या तासांनी दुसरा. तक्ता पाठ होतो, पण समजत काहीच नाही. प्रत्येक जनुकाबद्दल “हे किती वाजता चालू होतं?” असं न विचारता “हे कशावाचून अडलंय?” असं विचारा. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाभोवती आहेत.

पायरी १: आधी नकाशा काढा

कागद घ्या आणि एक आडवी रेघ ओढा. हा एचएसव्ही-१चा जीनोम: सुमारे १,५२,००० बेसजोड्यांचा, दुपदरी, सरळ डीएनए. त्याचे दोन भाग पाडा, एक लांब आणि एक छोटा. लांब भागातल्या जनुकांच्या नावात ‘यूएल’ येतं, छोट्या भागातल्यांच्या नावात ‘यूएस’. दोन्ही भागांच्या दोन्ही टोकांना एकमेकांच्या उलट दिशेने पुन्हा येणारे तुकडे आहेत, ते रंगवून ठेवा. त्या तुकड्यांतल्या जनुकांच्या जीनोममध्ये दोन-दोन प्रती असतात. आयसीपी०, आयसीपी४ आणि आयसीपी३४.५ ही त्यांतली महत्त्वाची. एखाद्या निबंधात “दोन्ही प्रती काढून टाकल्या” असं वाचलंत तर कारण हे आहे.

प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण ऐंशीच्या घरात आहेत. ती डीएनएच्या दोन्ही पदरांवर दाटीवाटीने बसलेली आहेत आणि बहुतेकांत इंट्रॉन (आरएनएतून कापून टाकले जाणारे मधले तुकडे) नाहीत. या शेवटच्या गोष्टीवर खूण करून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

नावांचा गोंधळ खरा आहे आणि तो टळत नाही. व्हीपी१६, यूएल४८, व्हीएमडब्ल्यू६५ आणि अल्फा-टीआयएफ ही चारही एकाच प्रथिनाची किंवा त्याच्या जनुकाची नावं. आयसीपी म्हणजे ‘इन्फेक्टेड सेल प्रोटीन’, संसर्ग झालेल्या पेशीतलं प्रथिन. त्यापुढचे आकडे प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर पट्टा कुठे दिसला त्यावरून पडलेले आहेत, त्यांचा कामाशी संबंध नाही. वहीत एक पान फक्त या नावांसाठी ठेवा.

पायरी २: विषाणूकडे काय नाही ते लिहा

एचएसव्ही-१कडे स्वतःचं आरएनए पॉलिमरेज नाही. आपली जनुकं वाचून घ्यायला त्याला पेशीचंच आरएनए पॉलिमरेज दोन लागतं. म्हणून त्याचे प्रमोटरही (जनुकाआधीचा, वाचन सुरू करून देणारा डीएनएचा भाग) त्या एन्झाइमला ओळखता येतील असे, टाटा बॉक्स (वाचनाची सामग्री जिथे बसते ती खूण) वगैरे असलेलेच आहेत.

पण पेशी आयतं यंत्र देऊन गप्प बसत नाही. पेशीचा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, विषाणूकणातल्या डीएनएवर हिस्टोन नसतात. तो उघडा डीएनए केंद्रकात शिरला की पेशी त्यावर हिस्टोन चढवायला आणि पीएमएल प्रथिनाच्या ठिपक्यांनी त्याला घेरायला लागते. दोन्हींचा हेतू एकच, आलेला डीएनए मुका करणं. म्हणजे विषाणूची सुरुवात कोऱ्या पाटीवर होत नाही, विरोध पहिल्या मिनिटापासून असतो. हे लक्षात ठेवलं तर पुढची निम्मी प्रथिनं कशासाठी आहेत ते आपोआप कळतं.

पायरी ३: पहिली ठिणगी कुठून येते ते शोधा

यंत्र पेशीचं, विरोधही पेशीचा. मग पहिलं जनुक चालू कोण करतं? विषाणू ही शिदोरी बरोबर बांधून आणतो. कवच आणि बाहेरचं आवरण यांच्यामधल्या थराला टेग्युमेंट म्हणतात. त्यात व्हीपी१६ हे प्रथिन भरलेलं असतं. विषाणू पेशीत शिरताच ते मोकळं होतं.

व्हीपी१६ला एकट्याने डीएनए नीट धरता येत नाही. ते आधी पेशीच्या एचसीएफ-१ या प्रथिनाशी जोडी करतं आणि मग पेशीच्याच ऑक्ट-१ या प्रथिनाबरोबर डीएनएच्या एका ठरावीक खुणेवर बसतं. ती खूण अशी: टी-ए-ए-टी-जी-ए-आर-ए-टी, यात ‘आर’च्या जागी ए किंवा जी चालतो. ही खूण विषाणूच्या अगदी पहिल्या जनुकांच्या प्रमोटरमध्ये असते. तिथे बसलेलं व्हीपी१६ पॉलिमरेजची सामग्री खेचून आणतं आणि एचसीएफ-१ सोबत हिस्टोनवरच्या खुणा बदलणारी एन्झाइमं आणतं. पायरी २मधल्या विरोधाला दिलेलं हे पहिलं उत्तर. व्हीपी१६चा हा चालना देणारा तुकडा इतका जोरदार आहे की १९८८पासून संशोधक तो यीस्टच्या जीएएल४ या प्रथिनाला जोडून हवी ती जनुकं चालू करायला वापरत आले आहेत.

एक बारकावा इथे नोंदवा. व्हीपी१६ बनतं संसर्गाच्या शेवटच्या टप्प्यात, पण कामाला येतं पुढच्या पेशीत, अगदी सुरुवातीला. ‘उशिराचं जनुक’ म्हणजे ‘उशिरा उपयोगी पडणारं’ असं समजू नका.

पायरी ४: पहिल्या पाचांची ओळख करून घ्या

व्हीपी१६मुळे जो गट चालू होतो त्याला ‘इमीजिएट अर्ली’ किंवा अल्फा जनुकं म्हणतात: आयसीपी०, आयसीपी४, आयसीपी२२, आयसीपी२७ आणि आयसीपी४७. यांतली तीन नीट समजली तर बाकीचा विषय हाती येतो.

आयसीपी४ हे मुख्य. हे नसेल तर पुढचे गट चालूच होत नाहीत. उष्णतेला नाजूक असं आयसीपी४ असलेले उत्परिवर्तित विषाणू जास्त तापमानाला वाढवले तर पेशीत जवळपास फक्त अल्फा जनुकंच बोलत राहतात, गाडी तिथेच अडते. आयसीपी४ डीएनएवर बसून पॉलिमरेजच्या सुरुवातीच्या सामग्रीला, विशेषतः टीएफ-टू-डी या गटाला, प्रमोटरकडे आणतं. गंमत म्हणजे ते स्वतःच्या जनुकाच्या सुरुवातीच्या जागेवरही बसतं आणि तिथे उलटं काम करतं: पुरेसं आयसीपी४ झालं की आयसीपी४चं उत्पादन दाबतं. एकच प्रथिन एका जागी चालना देतं आणि दुसऱ्या जागी लगाम घालतं. ते कुठे बसलं यावर काम ठरतं. नवख्यांनी इथे घाई करू नये, कारण ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ आणि ‘रिप्रेसर’ अशा दोन वेगळ्या डब्यांत प्रथिनं टाकायची सवय इथेच मोडावी लागते.

आयसीपी० डीएनएला बांधून काम करत नाही. ते युबिक्विटिन लायगेज आहे, म्हणजे इतर प्रथिनांना युबिक्विटिन नावाचं छोटं प्रथिन चिकटवणारं एन्झाइम. पेशीच्या पीएमएल आणि एसपी१०० यांसारख्या प्रथिनांवर ते ‘नष्ट करा’ अशी खूण लावतं आणि प्रोटिआसोम, म्हणजे पेशीचं प्रथिनं तोडणारं यंत्र, त्यांचा फडशा पाडतो. विषाणूच्या डीएनएभोवती पडलेला वेढा असा उठतो. आयसीपी० नसलेला विषाणू मरत नाही, पण कमी प्रमाणात टाकला तर बहुतेक पेशींत रुजत नाही. तोच प्रत्येक पेशीमागे भरपूर कण पडतील इतका टाकला तर वाढतो. यू-टू-ओएस नावाच्या पेशींत तर त्याची उणीव फारशी जाणवतच नाही. म्हणून आयसीपी०वरचा कोणताही निष्कर्ष वाचताना दोन गोष्टी आधी पाहा: पेशी कोणत्या आणि पेशीमागे विषाणू किती.

आयसीपी२७ आरएनएच्या पातळीवर खेळतं. ते विषाणूचा संदेशवाहक आरएनए केंद्रकाबाहेर न्यायला मदत करतं आणि पेशीच्या स्प्लायसिंगमध्ये, म्हणजे आरएनएतले इंट्रॉन कापून उरलेले तुकडे जोडण्यात, अडथळा आणतं. पायरी १मधली खूण आठवा. विषाणूच्या बहुतेक जनुकांत इंट्रॉन नाहीत, त्यामुळे स्प्लायसिंग बिघडलं तर नुकसान पेशीचं होतं, विषाणूचं फारसं नाही.

आयसीपी२२ पॉलिमरेज दोनच्या शेपटीवरचे फॉस्फेट बदलतं, एवढं सध्या पुरे. आयसीपी४७ जनुक-नियंत्रणात नाहीच. पेशीने विषाणूचे तुकडे पृष्ठभागावर मांडून टी-पेशींना बोलावू नये म्हणून ते त्या तुकड्यांची वाहतूक अडवतं. पण त्याचं जनुक अल्फा गटात आहे हे विसरू नका, लेखाच्या शेवटी ते लागणार आहे.

पायरी ५: ‘अर्ली’ गट

‘अर्ली’ म्हणजेच बीटा जनुकांची अट सरळ आहे: आयसीपी४ हवं. त्यांच्या प्रमोटरमध्ये टाटा बॉक्स आणि त्याआधी पेशीच्या एसपी१सारख्या प्रथिनांच्या जागा असतात. विषाणूचं डीएनए पॉलिमरेज, डीएनएचे पदर उलगडून प्रतीची सुरुवात करून देणारं हेलिकेज-प्रायमेज आणि सुट्या पदराला धरणारं आयसीपी८ ही डीएनएच्या प्रती काढायची हत्यारं या गटातली. थायमिडिन कायनेजही यातलंच. असायक्लोव्हिर या औषधाला पहिला फॉस्फेट मुख्यतः हेच एन्झाइम जोडतं आणि पुढे ते औषध विषाणूचं डीएनए पॉलिमरेज अडवतं. त्यामुळे निरोगी पेशीला ते फारसं बाधत नाही. अशा औषधांमागच्या कामासाठी गर्ट्रूड एलियन यांना १९८८चं नोबेल विभागून मिळालं. ज्या पेशीत विषाणूची बीटा जनुकं बंद आहेत तिथे हे औषध काय करणार, याचं उत्तर पायरी ९ वाचताना स्वतःच काढा.

पायरी ६: मधलं फाटक

आतापर्यंत अट प्रथिनाची होती. आता ती बदलते. ‘लेट’ किंवा गॅमा जनुकं पूर्ण ताकदीने चालू व्हायला विषाणूच्या डीएनएच्या नव्या प्रती निघाव्या लागतात. त्यांची उत्पादनं म्हणजे कवच, आवरणावरची ग्लायकोप्रथिनं आणि पुढच्या पेशीसाठीचं व्हीपी१६. या गटाचे दोन पोटगट आहेत. गॅमा-१ जनुकं प्रतींआधीही थोडीफार बोलतात आणि प्रती निघाल्यावर जोर धरतात. गॅमा-२, म्हणजे खरी ‘उशिराची’, प्रतींशिवाय जवळपास गप्प असतात.

प्रती वाढल्या की साचे वाढतात, म्हणून आरएनए वाढतो, असं वाटणं साहजिक आहे. तेवढंच असतं तर सगळ्या जनुकांचा आरएनए सारख्या पटीत वाढला असता. तसं होत नाही. खऱ्या उशिराच्या जनुकांचे प्रमोटर अगदी आखूड असतात: टाटा बॉक्स आणि सुरुवातीच्या जागेभोवतीचा थोडा भाग, बाकी नाही. एसपी१सारखे मदतनीस नसल्यामुळे त्यांना डीएनएची बदललेली अवस्था लागते. प्रत काढताना डीएनए उघडतो, त्यावरची प्रथिनं हलतात आणि विषाणूची यंत्रणा एका जागी गोळा होते, ही ती अवस्था.

पायरी ७: अनोळखी जनुक कोणत्या गटात ते ठरवा

समजा तुमच्या हातात एक नवं जनुक आहे. दोन औषधांनी काम होतं. ही युक्ती जुनी आहे. १९७४मध्ये शिकागो विद्यापीठात रॉबर्ट होनेस आणि बर्नार्ड रॉइझमन यांनी हे क्रमवार नियंत्रण मांडलं, तेव्हाही पुढचा गट मागच्या गटाच्या प्रथिनांवाचून अडतो का, हाच प्रश्न होता.

सायक्लोहेक्सिमाइड देऊन पेशीतलं नवं प्रथिन बनणं थांबवा आणि मग संसर्ग करा. तरीही तुमच्या जनुकाचा आरएनए दिसला तर ते अल्फा. प्रथिन बनतच नसताना ते चालू कसं झालं? कारण व्हीपी१६ बनवावं लागत नाही, ते कणाबरोबर तयारच येतं. हे वाक्य कळलं की पायरी ३ खऱ्या अर्थाने कळली.

आरएनए दिसला नाही तर दुसरा प्रयोग. फॉस्फोनोअ‍ॅसिटिक आम्ल किंवा असायक्लोव्हिर देऊन फक्त डीएनएच्या प्रती थांबवा. आरएनए तरीही भरपूर आला तर बीटा. कमी झाला पण उरला तर गॅमा-१. जवळपास गेला तर गॅमा-२. मधल्या दोन गटांची सीमा धूसर आहे आणि एकच जनुक दोन निबंधांत दोन गटांत दिसलं तर घाबरू नका. गट माणसांनी पाडले आहेत.

पायरी ८: आरएनएच्या आकड्यांवर लगेच विश्वास ठेवू नका

एक: दाटीमुळे विषाणूची शेजारशेजारची अनेक जनुकं शेवटाची खूण, म्हणजे पॉलीए संकेत, वाटून घेतात. सुरुवात वेगवेगळी, शेवट एकच. तुमचा प्रायमर (आरएनए मोजायला वापरलेला डीएनएचा छोटा तुकडा) सामायिक भागावर बसला तर तो दोन-तीन जनुकांचा आरएनए एकत्र मोजेल आणि बीटा जनुकाच्या मापात गॅमा जनुक मिसळेल. प्रायमर कुठे आहे हे नकाशावर खूण करून पाहिल्याशिवाय आलेख वाचू नका.

दोन: विषाणूच्या टेग्युमेंटमध्ये व्हीएचएस नावाचं आरएनए तोडणारं प्रथिनही असतं. ते पेशीचा आरएनए झपाट्याने कमी करतं आणि विषाणूचा स्वतःचा आरएनएही त्यातून पूर्ण सुटत नाही. मोजलेला आरएनए म्हणजे बनलेला वजा तुटलेला.

तीन, आणि हे अनुभवी लोकांनाही चकवतं: संसर्गात पेशीच्या जनुकांचं वाचन शेवटच्या खुणेवर थांबत नाही, पॉलिमरेज पुढे हजारो बेसजोड्या जात राहतं आणि शेजारच्या जनुकात घुसतं. २०१५मध्ये हे संपूर्ण जीनोमच्या पातळीवर दाखवलं गेलं. मग शेजारचं जनुक ‘चालू झालं’ असं आकडा सांगतो. प्रत्यक्षात त्याच्या प्रमोटरला कोणी हातही लावलेला नसतो. पेशीची अमुक शेकडो जनुकं संसर्गात वाढतात असं वाचलंत की हे तपासलंय का ते आधी शोधा.

पायरी ९: आता सगळं बंद करून पाहा

फोडांच्या जागेवरून विषाणू संवेदी चेतापेशीच्या तंतूत शिरतो आणि चेहऱ्याच्या बाबतीत ट्रायजेमिनल गँग्लियन या चेतापेशींच्या पुंजक्यातल्या पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो. तिथे बरेचदा वरची साखळी सुरूच होत नाही. जीनोम गोल होऊन हिस्टोन पांघरून बसतो, कित्येक वर्षं.

का? पायरी ३च्या अटी तपासा. व्हीपी१६ला तंतूच्या टोकापासून केंद्रकापर्यंत लांबचा प्रवास करायचा आहे. शिवाय विश्रांतीतल्या संवेदी चेतापेशीत एचसीएफ-१ केंद्रकात नसून बहुतांशी बाहेर पेशीद्रवात असतं. ठिणगी पडत नाही आणि पेशीचा विरोध जिंकतो. अल्फा, बीटा, गॅमा जनुकांच्या हिस्टोनवर गप्प करणाऱ्या खुणा चढतात.

फक्त एक भाग जोरात बोलत राहतो: लॅट, म्हणजे सुप्तावस्थेशी जोडलेला आरएनए. १९८७मध्ये उंदरांच्या गँग्लियनमध्ये तो वर्णिला गेला. मूळ आरएनए सुमारे ८,३०० बेसचा, पण साठून राहतो तो त्यातून कापलेला सुमारे २,००० बेसचा इंट्रॉन. सहसा इंट्रॉन लगेच नष्ट होतात, हा टिकतो. लॅट आयसीपी०च्या जनुकावरून उलट दिशेने वाचला जातो. याच भागातून सूक्ष्म आरएनएही निघतात, त्यातला एक आयसीपी०चा आणि एक आयसीपी४चा संदेश दाबू शकतो, हे २००८मध्ये दिसलं. म्हणून लॅट हेच कुलूप असं म्हणायचा मोह होतो. पण लॅट काढून टाकलेले विषाणूही सुप्तावस्थेत जातात. लॅट मदत करतो, एकटा जबाबदार नाही.

पायरी १०: कोंबडी आधी की अंडं

ताप, ऊन, ताण यांनी विषाणू पुन्हा उठतो. आता कोडं पाहा. अल्फा जनुकांना व्हीपी१६ हवं. व्हीपी१६ हे उशिराचं जनुक, त्याला डीएनएच्या प्रती हव्यात. प्रतींना बीटा हवीत, बीटांना अल्फा. आणि आता बाहेरून आलेला कण नाही, म्हणून तयार व्हीपी१६ही नाही.

उंदीरवर्गीय प्राण्यांच्या चेतापेशींवरच्या प्रयोगांतून एक उत्तर मिळालं आहे. ताणामुळे चेतापेशीतला जेएनके हा संकेतमार्ग जागा होतो, गप्प करणाऱ्या हिस्टोन खुणेच्या शेजारी एक फॉस्फेट बसतो आणि ती खूण तात्पुरती निष्प्रभ होते. मग अल्फा, बीटा, गॅमा अशी सगळ्या गटांची जनुकं क्रम सोडून एकदम थोडी-थोडी बोलू लागतात, विषाणूचं नवं प्रथिन बनायची वाट न पाहता. या पहिल्या लाटेत व्हीपी१६ही थोडं तयार होतं आणि त्यातून दुसरी, नेहमीच्या साखळीसारखी लाट उभी राहू शकते. दुसऱ्या काही संशोधकांच्या मते व्हीपी१६च्या प्रमोटरलाच चेतापेशीतले घटक थेट जागं करू शकतात आणि सुरुवात तिथून होते. माझा कल पहिल्या उत्तराकडे आहे, पण दोन्ही मिळून खरं असणंही अशक्य नाही. इतक्या कष्टाने शिकलेली साखळी इथे विषाणूच मोडतो, म्हणून पायरी १० पहिल्या नऊंच्या आधी वाचू नका.

एक गणित, उत्तरासह

२०१५मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी टी-व्हेक या औषधाला मंजुरी दिली. हे औषध म्हणजे बदललेला एचएसव्ही-१ आहे. त्यातून आयसीपी३४.५च्या दोन्ही प्रती काढल्या आहेत. हे प्रथिन नसलं की पेशी पीकेआर एन्झाइमच्या मार्गाने प्रथिन-निर्मिती बंद करते आणि विषाणू अडतो. गाठीतल्या पेशींतही त्याची वाढ फार मंदावू नये म्हणून आयसीपी४७ही काढलं आहे. प्रश्न असा: आयसीपी४७ तर टी-पेशींपासून लपायचं प्रथिन, ते काढल्याने वाढ कशी सुधारते?

नकाशा पाहा. आयसीपी४७च्या शेजारी यूएस११ आहे आणि दोघांचा शेवट सामायिक आहे. यूएस११ हे गॅमा-२. ते पीकेआरला अडवू शकतं, पण नेहमी इतक्या उशिरा येतं की तोवर प्रथिन-निर्मिती बंद पडलेली असते. आयसीपी४७ प्रथिन बनवणारा भाग कापला की मागे त्याचा अल्फा प्रमोटर उरतो आणि त्याच्या ताब्यात यूएस११ येतं. प्रथिन तेच, अट बदलली: आता त्याला डीएनएच्या प्रती नकोत, आयसीपी४ नको, फक्त कणाबरोबर आलेलं व्हीपी१६ पुरतं. पीकेआर जागं व्हायच्या आत यूएस११ हजर असतं. शिवाय आयसीपी४७ गेल्यामुळे गाठीतल्या पेशी विषाणूचे तुकडे पृष्ठभागावर मांडू शकतात आणि टी-पेशींना त्या दिसतात, हा दुसरा फायदा.